सात विषय, तीन रंगांची टेप: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेचं प्रकरण

शाळा आणि अडचण

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, घाटंजी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात ही जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा आहे. वर्ग पहिली ते सातवी, पट जेमतेम, शिक्षक त्याहून जेमतेम. तिसरी-चौथी एका खोलीत बसते, सहावी-सातवी दुसऱ्या. मुलं बहुतेक कापूस-तूर करणाऱ्या शेतकऱ्यांची आणि मजुरांची. काही जवळच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, म्हणजे पोडावरून, पायी येतात, त्यांच्या घरी कोलामी बोलतात. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. मी तालुक्याच्या गट साधन केंद्रात साधनव्यक्ती आहे, या शाळेत जाणं-येणं असतं, म्हणून हे सगळं जवळून पाहायला मिळालं.

अडचण अशी की तास गणिताचा आणि हातात वही भूगोलाची. सगळ्या वह्यांना खाकी कव्हर, सगळ्यांवर एकाच दुकानातलं लेबल. ज्या मुलाला सरसर वाचता येतं तो लेबल वाचून वही काढतो. ज्याला अडखळत वाचावं लागतं तो दप्तर उलटं करतो, आणि जोडवर्गात एका बाजूचा गोंधळ दुसऱ्या बाजूचा धडाही बुडवतो. २०२३-२४ मध्ये बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली तेव्हा त्यात भर पडली. एकाच पुस्तकात सगळे विषय आणि मध्येमध्ये लिहायला कोरी पानं. दप्तर हलकं झालं हे खरं, पण "विज्ञान काढा" म्हटलं की मुलं पानं चाळत बसायची. कोऱ्या पानांचा तो निर्णय शासनाने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला, पण शाळेतली रंगांची गोष्ट सुरू झाली ती त्या जाड पुस्तकांमुळे. सहावी-सातवीच्या मॅडमनी पुस्तकाच्या पानांच्या कडेवर स्केचपेनने रंग ओढायला सुरुवात केली. पुस्तक मिटलेलं असतानाही कडेला हिरवा पट्टा दिसला की विज्ञान तिथेच. मुलांना ते इतकं आवडलं की वह्यांनाही रंग हवा अशी मागणी वर्गातूनच आली.

पहिली यादी

मॅडमनी यादी केली ती कुणीही करेल तशीच. विज्ञानाला हिरवा, कारण झाडं. भूगोलाला तपकिरी, कारण माती. इतिहासाला केशरी, त्याचं कारण सांगायला नको. गणिताला निळा, इंग्रजीला पिवळा, मराठीला गुलाबी, हिंदीला लाल. घोटीव कागदाच्या चौकोनी चकत्या कापून वह्यांवर चिकटवल्या, वेळापत्रकाच्या तक्त्यावरही त्याच चकत्या लावल्या. तक्ता व्हरांड्यात टांगला. दिसायला देखणा होता. केंद्रप्रमुखांनी फोटो काढून नेला.

या यादीत एक गृहीतक आहे. विषयाला "शोभणारा" रंग दिला की तो लक्षात राहतो, असं आपण धरून चालतो. मला हे गृहीतक कच्चं वाटतं, आणि या शाळेत ते कुठे कुठे फाटलं ते पुढे सांगतोच. एक गोष्ट आधी सांगून टाकतो. मुलांना कारणं लक्षात राहत नव्हती, रंगच राहत होते. भूगोल तपकिरी का, असं मी सहावीत विचारलं तेव्हा "मॅडमजवळ तोच कागद उरला होता न सर" असं उत्तर आलं. ते खरंही असू शकेल.

निळा कोणाचा

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पोषण आहाराच्या तांदळावरून होती. तक्ता समोरच टांगलेला, त्यामुळे विषय तिकडे गेला. एका सदस्याने विचारलं, "इतिहासाले केशरी देल्ला, पण त्याच पुस्तकात नागरिकशास्त्रबी हाय न? राज्यघटना त्याच्यातच शिकवता. मंग निळा गणिताले काऊन?" दुसरे म्हणाले, शिवाजी महाराजांचा इतिहास आहे, केशरीच राहू द्या. तिसऱ्यांनी हसत हसत पिवळ्याची बाजू घेतली, पण हसण्यामागे थोडं खरंही होतं.

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. या भागात ते तसं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडलं त्याची आठवण इथल्या कित्येक घरांत आजा-आजीच्या तोंडून आलेली आहे. निळा रंग त्या घरांचा आहे. केशरीचीही घरं आहेत, हिरव्याचीही आहेत. शिवाय रंग सरकारनेही वाटून ठेवलेले. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिका पिवळी, केशरी आणि पांढरी झाली, आणि कोणत्या घरात कोणतं कार्ड आहे हे पोरांनाही माहीत असतं. पिवळी चकती लावताना एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला होता, "आमचं तं केशरी हाय." त्याच्या डोक्यात इंग्रजीची वही नव्हती.

मुख्याध्यापक सर जुने आणि थंड डोक्याचे. त्यांनी बैठकीत कोणाचीच बाजू घेतली नाही. एवढंच म्हणाले की विषयाला रंग देताना आपण कारण देतो, म्हणून भांडण होतं. कारणच दिलं नाही तर? नागपूरच्या मेट्रोत एक ऑरेंज लाईन आहे, एक ॲक्वा. ऑरेंजला निदान संत्र्याचं निमित्त आहे, ॲक्वाला काय आहे? तरी माणसं बरोबर गाडीत बसतात. रंग कोणता, याने फरक पडत नाही. दोन रंग एकमेकांपासून वेगळे दिसले की पुरे.

"वेगळे दिसले की पुरे" हे वाक्य त्यांनी सहज टाकलं, पण पुढचं सगळं काम त्या वाक्याचंच झालं. कोणाला वेगळे दिसले, कोणत्या उजेडात, आणि किती महिन्यांनी?

विज्ञानाच्या तासाला भूगोलाची वही

सातवीतला एक मुलगा चकत्या लागल्यानंतरही चुकीची वही काढत होता, आणि चूक नेहमी एकच. विज्ञान म्हटलं की भूगोल, भूगोल म्हटलं की विज्ञान. वाचायला चांगला, गणितात पुढे. मॅडमना वाटलं लक्ष नसतं. एक दिवस त्यांनी दोन्ही वह्या त्याच्या बाकावर शेजारी ठेवल्या आणि हिरवी कोणती असं विचारलं. तो दोन्हींकडे बघत राहिला. मग वह्या उघडून आतलं अक्षर पाहिलं आणि एक पुढे सरकवली. मॅडम म्हणाल्या, "उघडू नको, वरूनच सांग." तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही एकच तं हाय." वर्ग हसला. मॅडमनी वर्गाला गप्प केलं आणि वह्या उचलून घेतल्या. पुढचं त्यांनी त्याला एकट्याला विचारलं.

लाल-हिरव्या रंगातला फरक न कळणं किंवा कमी कळणं ही जन्मजात गोष्ट आहे. डोळ्यातल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतल्या एका प्रकारात बिघाड असला की हिरवा, तपकिरी, मळका लाल, काही केशरी छटा हे सगळे एकमेकांत मिसळतात. निळा आणि पिवळा मात्र अशा माणसाला चांगले वेगळे दिसतात. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, म्हणून हा दोष मुलांत जास्त आणि मुलींत क्वचित आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला तो असतो, बायकांत दोनशेत एखादीला. भारतातल्या पाहण्यांत प्रमाण त्याहून कमी येतं, तरी पन्नास-साठ मुलांच्या शाळेत असा एखादा मुलगा असेल हे गृहीत धरणंच शहाणपणाचं.

त्याच्या आईला बोलावलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "मिरच्या तोडाले नेलं तं लाल-हिरव्या एकातच आणते हा," ती म्हणाली. "माह्या बाबाचंबी असंच होतं. बोरीखाली उभं राहून बोरं कुठं हायेत म्हणून पुसत." आईचे वडील आणि मग नातू, मधली आई मात्र बिनदोष. आनुवंशिकतेच्या धड्यात असतो तो नमुना तिने एका वाक्यात सांगितला. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी त्याला ठिपक्यांच्या पाट्या दाखवल्या. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये काढलेली ही चाचणी अजूनही सगळीकडे तीच वापरतात. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. काही पाट्यांवर त्याला आकडा दिसलाच नाही.

यावर औषध नाही, आणि या वयात त्याची फारशी गरजही नाही. गरज होती ती तक्ता बदलण्याची. मॅडमनी वर्गात मुलाचं नाव काढलं नाही. "चकत्यांचे रंग बरोबर जमले नाहीत, पुन्हा ठरवू" एवढंच सांगितलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

ऊन आणि लाईन

त्या आधीच तक्त्याची दुसरी कळा दिसायला लागली होती. व्हरांडा पश्चिमेला, दुपारनंतरचं ऊन थेट तक्त्यावर. मुलं आहेत तोवर तक्ता आहे, आणि इथे मार्च-एप्रिलमध्येही शाळा भरते. गुलाबी चकती आधी पांढुरकी झाली, केशरी पिवळट झाली, पिवळी तर कागदातच मिसळली. निळी तेवढी तग धरून होती. बसस्टँडवरचे जुने छापील फलक निळसर दिसतात त्याचं कारणही तेच. छपाईच्या चार शाईंपैकी गुलाबी आणि पिवळी उन्हात लवकर उडतात, निळी टिकते. म्हणजे दिवाळीनंतर मराठी आणि इंग्रजी या दोन विषयांच्या चकत्यांना तक्त्यावर रंगच उरला नव्हता.

वर्गात उलटी तऱ्हा. पावसाळ्यात आभाळ भरून आलं आणि लाईन गेली की खोलीत एक खिडकी आणि एक दार एवढाच उजेड. अंधुक उजेडात डोळा लाल रंगाला आधी सोडतो, तो काळपट दिसू लागतो. निळा त्या मानाने उजळ राहतो. आणि पांढऱ्या लेबलावरची पिवळी चकती तर कोणत्याच उजेडात नीट दिसत नव्हती. त्याला हिशोब आहे. शुद्ध पिवळा आणि पांढरा यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढलं तर ते १.०७ येतं. वेबसाइटवरचा मजकूर वाचता यावा म्हणून जो आंतरराष्ट्रीय निकष आहे तो किमान ४.५ मागतो. पिवळा खाकीवर लावा, काळ्यावर लावा, पांढऱ्यावर लावू नका.

एक सोपी तपासणी मॅडमनी स्वतःच शोधली. सगळ्या वह्या जमिनीवर मांडून मोबाइलवर फोटो काढला आणि त्याचा रंग काढून टाकला. काळ्या-करड्या फोटोत सातपैकी चार चकत्या एकसारख्या करड्या होत्या. ज्याला हे काम करायचं आहे त्याने निदान एवढं तरी करून पाहावं, खर्च शून्य.

टेप कुठून आली

जपानमध्ये मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी रंगदृष्टीचा दोष असलेल्यांनाही वेगळे दिसतील असे आठ रंग निवडून ठेवलेले आहेत. छापील आलेखांसाठी ते उत्तम आहेत. मी ती यादी घेऊन गेलो. मॅडमनी पाहिली आणि म्हणाल्या, "सर, यातला निळसर हिरवा आणि लालसर जांभळा घाटंजीच्या दुकानात मागून दाखवा." मुद्दा बिनतोड होता. यंदा मिळालेला रंग पुढच्या जूनमध्ये त्याच दुकानात मिळाला पाहिजे. घोटीव कागदाच्या गठ्ठ्यात दरवर्षी छटा बदलते.

तोडगा समितीतल्याच एका शेतकऱ्याने सुचवला. हे गृहस्थ गावातल्या मोटरी दुरुस्त करतात. बैठकीत उठले आणि म्हणाले, "थ्री फेजच्या वायरी कशा वळखता तुम्ही? लाल, पिवळा, निळा. आर, वाय, बी. आतापर्यंत कोणी भांडलं का लाल फेज कोणाची म्हणून?" सगळे हसले. मोटर रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात या तीन रंगांची इन्सुलेशन टेप मिळते, रोल दहा-पंधरा रुपयाला. रंग ठरलेले आहेत, कंपनी बदलली तरी छटा फारशी बदलत नाही. टेप पाण्याने उतरत नाही, उन्हात कागदापेक्षा कितीतरी जास्त टिकते, आणि ज्या बापाला मुलाच्या वहीतलं अक्षर लागत नाही त्यालाही ही खूण कळते.

पण रंग तीन आणि विषय सात. इथे बराच खल झाला. हिरवी आणि काळीही टेप मिळते, अर्थिंग आणि न्यूट्रलची. हिरवी त्या मुलासाठी बाद. काळ्याला आयांचा विरोध. "वहीवर काळं काऊन लावता?" संक्रांतीला पोरांना हौसेने काळं घालणाऱ्या आयांनीच हे म्हणावं याची मला गंमत वाटली, पण त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. एक सूचना अशीही आली की एका विषयाला टेपच लावू नये, नुसतं खाकी ठेवावं. ती मॅडमनी फेटाळली. एखाद्या वहीची टेप निघाली तर ती आपोआप त्या विषयाची होऊन बसेल.

शेवटी विषयांचे गट केले. मराठी, हिंदी, इंग्रजी एका रंगात. गणित आणि विज्ञान दुसऱ्या. इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल तिसऱ्या. गटातला विषय पट्ट्यांच्या संख्येने ओळखायचा. मराठीला एक पट्टी, हिंदीला दोन, इंग्रजीला तीन. गणिताला एक, विज्ञानाला दोन. इतिहासाला एक, भूगोलाला दोन. कोणत्या गटाला कोणता रंग हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तिन्ही रंगांच्या चिठ्ठ्या डब्यात, आणि उचलायला पहिलीतली पोरगी. भाषांना लाल निघाला, गणित-विज्ञानाला निळा, सामाजिक शास्त्रांना पिवळा. केशरीचा प्रश्न मिटला कारण केशरी टेप मिळतच नाही. निळ्याचा मिटला कारण तो चिठ्ठीने गेला. "चिठ्ठीनं आलं ते आलं," म्हणून समितीने सही केली.

रंगाशिवायची खूण

टेप लावून झाल्यावर पुन्हा तोच बिनरंगी फोटो काढला. पिवळी छान उजळ आली. लाल आणि निळी मात्र जवळपास सारख्याच करड्या. म्हणजे अंधुक उजेडात मराठीची एक पट्टी आणि गणिताची एक पट्टी यांत घोटाळा होणारच होता. त्यावर उपाय जागेचा काढला. वहीच्या शिवणीच्या बाजूला लाल पट्ट्या वरच्या टोकाला, पिवळ्या मध्ये, निळ्या खालच्या टोकाला. आता रंग दिसला नाही तरी पट्टी कुठे आणि किती, यावरून विषय कळतो. टेपला जाडी असते, दप्तरात हात घालून बोटानेही कळतं. तिसरीतली मुलं न बघता वही काढण्याची शर्यत लावायला लागली. मला वाटतं हा सगळ्यात मोठा फायदा, आणि तो कोणाच्या डोक्यात आधी नव्हता.

लेबलावर अक्षरही ठेवलं. म, हिं, ग, वि, भू. इंग्रजी आणि इतिहासाला "इं" आणि "इ" लिहिलं होतं. एका अनुस्वारावर विषय बदलत होता, म्हणून इतिहासाला "इति" केलं.

एकाच गोष्टीच्या दोन-तीन खुणा कशाला, असा प्रश्न एका पालकांनी केला. त्यांना मी त्यांच्याच घरातलं उदाहरण दिलं. कीटकनाशकाच्या डब्यावर जो चौकोन उभा तिरका छापलेला असतो, त्याचा खालचा अर्धा भाग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. कायद्याने हे रंग ठरवले, पण नुसत्या रंगावर सोडलं नाही. वरच्या भागात शब्दही असतो, आणि लाल डब्यावर कवटी. तरीही हिरवा त्रिकोण म्हणजे "काही होत नाही" असं समजणारे लोक मी पाहिले आहेत. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर माणसं दगावली. त्याची कारणं बरीच होती, त्रिकोणाचा रंग हे त्यातलं एकमेव कारण नक्कीच नव्हतं. पण रंगाला माणूस आपापला अर्थ लावतो, म्हणून त्याच्या जोडीला दुसरी खूण लागते, हे इथल्या पालकांना वेगळं समजावावं लागलं नाही. सहावीच्या मुलांनी पुढच्या आठवड्यात रिकामे डबे न हाताळता, दुकानात जाऊन त्रिकोण पाहून यायचे असा उपक्रम सरांनी दिला. तो विज्ञानात धरायचा की भूगोलात यावर मुलांत वाद झाला, निळ्या दोन पट्ट्यांच्या बाजूने निकाल लागला.

तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास असतो. तो या चौकटीत बसवताना फार वेळ गेला नाही. पहिल्या भागाला विज्ञानासारख्या दोन निळ्या पट्ट्या, चौथी-पाचवीतल्या दुसऱ्या भागात इतिहास असतो म्हणून त्याला एक पिवळी. मूल सहावीत गेलं की खूण तीच राहते. पहिली-दुसरीला काहीच लावलं नाही. तीन विषयांना कसली आलीये पद्धत.

काय झालं, काय नाही झालं

तिसरी-चौथीत फरक लगेच दिसला. वही काढण्यातला वेळ वाचला आणि पोडावरून येणाऱ्या मुलांची चिडवाचिडवी थांबली, कारण आता वाचायच्या आधीच वही हातात येत होती. सहावी-सातवीत फरक मला तितका दिसला नाही. मोठी मुलं तशीही वह्या ओळखत होती. सहावीतल्या एका मुलीने टेप काढून स्वतःच्या स्केचपेनची वेलबुट्टी केली, विषयागणिक वेगळं फूल. मॅडमनी तिला तसंच राहू दिलं. मलाही ते पटलं. पद्धत अडलेल्यांसाठी आहे, सगळ्यांना एका माळेत ओवण्यासाठी नाही.

उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटला. एप्रिलच्या दुपारी पट्ट्या सरकल्या आणि वह्या एकमेकींना चिकटल्या. आता पट्टी कव्हरच्या कडेवरून आत दुमडून लावतात, त्याने बरंचसं भागतं. दुसरा त्रास टेप चोरीचा. टेनिस बॉलवर टेप गुंडाळून क्रिकेट खेळायचं तर टेप लागणारच, आणि शाळेच्या कपाटात ती फुकट. लाल रोल सगळ्यात आधी गायब व्हायचा. रोल आता मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असतात, तरी कमी होतात.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा प्रयोग सांगितल्यावर केंद्रप्रमुखांची इच्छा होती की सगळ्या शाळांनी हेच रंग घ्यावेत, म्हणजे एकसूत्रीपणा येईल. मी विरोध केला. चिठ्ठीतून निघालेल्या रंगाला परिपत्रकाचं वजन आलं की "निळा गणितालाच का" हा प्रश्न पुन्हा उभा राहील, आणि या वेळी तो समितीपुरता राहणार नाही. शेजारच्या शाळेने स्वतःच्या चिठ्ठ्या टाकल्या, तिथे भाषांना निळा आला. कोणाचं काही अडलं नाही. सगळ्यांनी पाळायची गोष्ट एकच ठरली: टेप लावण्याआधी बिनरंगी फोटो काढून बघायचा, आणि खोलीचा दिवा बंद करून एकदा वह्या ओळखायला लावायच्या.

नकाशा

वह्यांचा प्रश्न सुटला तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं की त्या मुलाची खरी अडचण वहीच्या आत होती. प्राकृतिक नकाशात सखल प्रदेश हिरवा, उंच प्रदेश तपकिरी. हा जगभरचा रिवाज आहे आणि त्याच्यासाठी सगळ्यात गैरसोयीचा. महाराष्ट्राच्या नकाशात कोकणपट्टी आणि सह्याद्री त्याला जवळजवळ एकाच रंगात दिसत असणार. म्हणूनच भूगोलात तो पाठांतरावर चालायचा, नकाशा आला की अडायचा. लाल पेनने तपासलेली वहीही त्याला काळ्या शाईपासून पटकन वेगळी दिसत नव्हती. मॅडमनी त्याच्या नकाशावर पेन्सिलने उंचीचे आकडे घातले, डोंगराळ भागावर आडव्या रेघा मारल्या, आणि त्याची वही निळ्या पेनने तपासायला लागल्या. चूक असेल तिथे फुली आणि बरोबर असेल तिथे खूण, म्हणजे रंग बघायलाच नको.

आता तो आठवीला बाजारगावच्या हायस्कूलमध्ये आहे. तिथे पट्ट्या नाहीत, आणि त्याला त्यांची गरजही नाही. मॅडमनी दाखल्यासोबत वर्गशिक्षकांच्या नावाने एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात नकाशा, लाल पेन आणि प्रयोगशाळेतले रंग बदलणारे प्रयोग या तीन गोष्टी लिहिल्या होत्या. त्याच्या आईने ती चिठ्ठी पोचवली. भूगोलाच्या सरांनी नकाशावर आकडे घालून दिले असं मुलगा सांगतो. रसायनशास्त्राचं अजून विचारायचं आहे.